चुलत

अशोक चौकाच्या अलीकडं, फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला
पत्र्याखाली माझी खोली आहे. म्हणजे त्यांची.
चौतीस गिनी पिग, मी एक,
आणि गेल्या उन्हाळ्यापासून मान धरलेला टेबल फॅन.

पिंजरा म्हणायचं नुसतं. वरून उघडा हौद तो.
वीतभर भिंत.
वीतभर पुरते.
सत्तावीस वर्षांत एकानंही ओलांडली नाही.
नवीन पोरं विचारतात, मामा, झाकण कुठाय?
मी म्हणतो, लागत नाही.

सकाळी लसूणघासाची पिशवी चुरचुरली
की सगळे एकदम शिट्टी घालतात.
अम्मा पहाटे विडीच्या पानांवर पाणी शिंपडायची
तेव्हा गिरणीचा भोंगा व्हायचा,
तसंच काहीतरी, पण बारीक,
भुकेपुरतं.

परवा हत्तुरे मॅडम मोबाइल पुढं करून म्हणाल्या,
"नरसय्या, बघ. तुझ्या मंडळींचा चुलतभाऊ."
ब्राझीलचा. रानातला. नाव दोनदा सांगितलं,
मोको एवढंच डोक्यात राहिलं.

शेपूट नाही. आमच्यांनाही नाही.
नाक तसंच बोथट, डोळा तसाच दचकलेला.
पण उभा कुठं,
तर सरळसोट कड्याच्या ओठावर,
जिथं शेळीनंसुद्धा एकदा विचार केला असता.
पाल्यासाठी झाडावर चढतो म्हणे.
धरायला नखं नाहीत धड,
तळव्याला गाद्या आहेत फक्त,
"घट्टे पडल्यासारख्या," मॅडम म्हणाल्या,
आणि मी उगाचच हात मिटून घेतला.

ऊन कसं असतं तिकडं?
आपल्यासारखंच. काटेरी झाडं, तापलेला दगड,
पाऊस आला तर आला.

मग मला राग आला.
थंड हवेतला असता, तर म्हटलं असतं,
त्याचं काय, त्याला जमतं.
पण हेच ऊन.

घरी राजमणीला सांगितलं.
तिनं तेलुगूत एवढंच विचारलं,
खातात का त्याला?
खातात म्हणे.
मग झालं, म्हणाली, आणि भाकरी उलटली.

रविवारी हिप्परग्याच्या वाटेवरून
तीन काळे दगड आणले सायकलच्या कॅरिअरला बांधून.
हौदाच्या कोपऱ्यात एकावर एक बसवले.
वरचा भिंतीच्या बोटभर वर.
घासाची काडी ठेवली टोकाला.

ते आले, हुंगून गेले,
आणि दुपारी दगडाच्या बुडाशी दाटीवाटीनं झोपले.
सावली.
एवढाच अर्थ लावला त्यांनी दगडाचा.

आठ दिवस.
काडी वाळून पांढरी झाली.

काल रात्री लाइट गेली होती, दीडपासून.
सकाळी बघतो तर काडी नाही.
वरच्या दगडावर चार लेंड्या,
ताज्या, तांदळाहून थोड्या मोठ्या.

कोण, ते लगेच कळलं.
एकोणीस नंबर, पाठीवर पिवळी खूण,
तिच्या एका पायाला काळी धूळ होती.
खाली सगळ्यांत बसून खात होती,
काही झालंच नाही अशी.

रजिस्टरला रकाने तीन.
वजन, आहार, मृत्यू.
वजन लिहिलं. सहाशे बारा ग्रॅम.
आहार लिहिताना पेन थोडं थांबलं,
मग "नेहमीप्रमाणे" लिहिलं.
मंगळवारच्या प्रयोगाला तिचा नंबर आहे.
आज सोमवार.

दुपारी कुणी नव्हतं.
गुडघे टेकून, हौदाच्या कडेला हनुवटी लावली,
डोळे आणले वरच्या दगडाइतक्या उंचीवर.
म्हटलं, एवढं चढून गेली
तर तिथून दिसलं काय तिला,
की परत उतरली?

फॅन.
रजिस्टरची लाल कड.
दाराची फट, फटीत पांढरंफेक ऊन,
त्यात फक्त ऊनच.

आणि समोर, खिळ्याला,
मी लावलेली
घासाची पिशवी.